बाई रजेवर आणि वर्ग तुमच्या हाती: नाशिकच्या शाळांतल्या नव्या मदतनिसांसाठी

नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत कुठल्याही खासगी शाळेत दर जूनमध्ये नव्या मदतनीस ताई रुजू होतात. काम सांगितलेलं असतं ते असं: छोट्या गटाचे डबे उघडून द्यायचे, पहिलीच्या मुलांना बाथरूमला न्यायचं, वह्या गोळा करायच्या, बाईंना साहित्य हाताशी द्यायचं. मग एखाद्या सकाळी पर्यवेक्षिका जिन्यातच गाठतात आणि म्हणतात, "जोशी बाई आज नाहीत. तिसरी ब तुम्ही बघा."

हा लेख त्या सकाळसाठी आहे. मी स्वतः काही वर्षं अशी मदतनीस होते, पुढे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका केली आणि आता प्राथमिकला शिकवते. माझ्या वर्गावर कुणी मदतनीस ताई बसून गेली की दुसऱ्या दिवशी मला काय हवं असतं, हेही आता माहीत झालं आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

बदली तासाला तुमची कामं तीनच. मुलं सुरक्षित राहिली पाहिजेत, शिकण्याचा धागा तुटता कामा नये आणि वर्गात काय झालं ते बाईंना कळलं पाहिजे. त्यापलीकडचं काम तुमच्याकडे येत असेल तर ते कागदावर यायला हवं.

१. नेमणुकीचा कागद आधी वाचा

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २३ नुसार पहिली ते आठवीच्या शिक्षकाची किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद ठरवते. त्यात शिक्षणशास्त्राची पदविका किंवा पदवी आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, येते. एखादा दिवस वर्ग सांभाळणं वेगळं. वर्षभर वर्गशिक्षिका म्हणून उभं राहणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती पात्रता नसताना करायची नाही.

कागदावर पदाचं नाव काय आहे ते बघा. 'सहायक शिक्षक' हे आपल्याकडे प्रशिक्षित शिक्षकाच्या पदाचं नाव आहे. तुमचं डी.एल.एड. किंवा बी.एड. झालेलं नसेल आणि पत्रावर तसं छापलेलं असेल, तर सही करण्याआधी 'मदतनीस' अशी दुरुस्ती करून मागा. शाळा यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवर शिक्षकांची माहिती भरते. तिथे तुमच्या नावापुढे नसलेली पात्रता गेली, तर उद्या उत्तर द्यायला तुम्हालाही बोलावतील. दुसऱ्या बाईंच्या नावासमोर मस्टरवर सही करायला सांगितलं तर करू नका, कितीही गोड बोलून सांगितलं तरी.

जिल्हा परिषदेच्या शाळांत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली आणि अनेक प्रशिक्षणार्थी शाळांत गेले. बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये असं महिन्याचं विद्यावेतन, मुदत सुरुवातीला सहा महिने, नंतर आणखी पाच महिने वाढवलेली. सुरगाणा-पेठकडच्या दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी पंचायत समितीच्या बैठकीला गेले की दुसऱ्यावर चारही इयत्ता पडतात. अशा वेळी प्रशिक्षणार्थ्याने दोन इयत्ता सांभाळणं स्वाभाविक आहे. पण तुम्ही तिथे शिकायला आणि मदत करायला आहात, ही ओळख गावातही तशीच सांगा. निवडणूक, जनगणना, आपत्ती निवारण या तीन कामांना कायद्यानेच शिक्षक देता येतात. त्यामुळे असे दिवस सगळ्याच शाळांत येतात.

२. कागदपत्रं

- आधार, पॅन, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत
- दहावी, बारावी, पदवीची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं
- शाळा सोडल्याचा दाखला
- पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद
- आधीच्या शाळेचा अनुभवाचा दाखला, असल्यास
- पासपोर्ट फोटो

मूळ प्रती कुणाकडेही ठेवायला देऊ नका. तपासून लगेच परत घ्या.

चारित्र्य पडताळणीत नाशिकला एक घोळ नेहमी होतो. शाळा शहरात आणि घर सिन्नरला किंवा ओझरला असेल, तर अर्ज शहर आयुक्तालयाकडे जात नाही, नाशिक ग्रामीण पोलिसांकडे जातो. तुम्ही राहता त्या पत्त्याचं पोलीस ठाणं निवडायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झाल्यावर राज्याने शाळेतल्या सगळ्याच कर्मचाऱ्यांच्या पडताळणीवर कडक सूचना दिल्या. मदतनीसही त्यात आल्या. शाळेने मागितलं नाही तरी काढून ठेवा.

पिशवीत एक वही, दोन पेन, टोक केलेल्या चार-पाच पेन्सिली, खडू, मनगटी घड्याळ आणि एक गोष्टीचं पुस्तक. घड्याळ हवंच, कारण वर्गात मोबाइल बाहेर काढायचा नाही.

३. वर्गात शिरण्याआधी

निरोप मिळाला की सरळ वर्गाकडे धावू नका. पाच मिनिटं मागून घ्या आणि पर्यवेक्षिकांना किंवा शेजारच्या वर्गाच्या बाईंना एवढं विचारा:

- टाचण वही (बाईंची पाठ नियोजनाची वही) कुठे आहे? आज कोणता घटक होता?
- पटावर किती आणि आज हजर किती?
- कुणाला फिट येते, दमा आहे, कशाची ॲलर्जी आहे?
- आज कुणाला अर्ध्या दिवसाने न्यायला येणार आहेत का? कोण येणार?
- वेगळी मदत लागणारं मूल कोण आणि ते कुठे बसतं?

चौथा प्रश्न बहुतेक जणी विसरतात. बाईंना सकाळी आईने सांगितलेलं असतं आणि बाईच आलेल्या नसतात.

रजेवरच्या बाईंना थेट फोन करू नका. घरात काय प्रसंग आहे ते आपल्याला माहीत नसतं. विचारायचंच असेल तर पर्यवेक्षिकांमार्फत विचारा.

४. पहिली दहा मिनिटं

तास जमेल की हातातून जाईल, ते इथे ठरतं. मधल्या सुट्टीनंतरचा तास धरा. मुलं पळून आलेली, घामाघूम, कुणाचा डबा उघडाच, मागच्या बाकावर कुणीतरी कुणाचं दप्तर लपवलेलं. त्यात दारात नवी ताई.

आत शिरण्याआधी दारात क्षणभर थांबा, म्हणजे निदान पुढच्या रांगेचं लक्ष जातं. मग आरडाओरडा न करता फळ्याकडे जा आणि लिहायला लागा: वार, दिनांक, विषय. वरच्या कोपऱ्यात तुमचं नाव. नेहमी जे फळ्यावर येतं तेच आलं की मुलांचे हात आपोआप वहीकडे जातात. निम्मा वर्ग इथेच शांत होतो. उरलेल्यांसाठी आवाज चढवू नका, उलट थोडा उतरवा. पुढची मुलंच मागच्यांना "ए, गप्प" म्हणतात.

हजेरी नाव घेऊन घ्या. "कोण कोण नाही आलं?" असं विचारू नका. नाव घेताना चेहरा बघा. संख्या पर्यवेक्षिकांनी सांगितलेल्या आकड्याशी जुळत नसेल तर लगेच बाहेर निरोप पाठवा. बाथरूममध्ये, मैदानावर किंवा दुसऱ्या वर्गात कुणी राहिलं असेल तर ते याच क्षणी कळतं.

त्यानंतरचा प्रश्न म्हणजे बाई कुठपर्यंत आल्या होत्या. हे वर्गाला विचारलंत तर चाळीस उत्तरं येतील. त्याऐवजी दोन-तीन वह्या मागा आणि शेवटच्या पानावरची तारीख, मथळा, शेवटचं गणित बघा. सगळ्यात हुशार मुलीचीच वही घेऊ नका, तिने पुढचंही सोडवलेलं असतं. मधल्या रांगेतलं कुणीतरी निवडा.

मुलं म्हणणारच, "आमच्या बाई असं नाही करत." ती तुमची परीक्षा घेत असतात असं नाही. त्यांना खरंच चुकल्यासारखं होतं, विशेषतः पहिली-दुसरीत. "मग त्या कसं करतात ते मला दाखव," म्हणा. मूल उठून दाखवतं, आणि तुम्हाला पद्धत फुकट कळते.

मॉनिटरला फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायला लावायची पद्धत अनेक वर्गांत आहे. बदली तासाला तरी ती वापरू नका. कुणाचं नाव का लिहिलं यावरून भांडण होतं, आणि ते मिटवण्यात तुमची दहा मिनिटं जातात. मॉनिटरला वह्या वाटायचं काम द्या.

५. काय घ्यायचं, काय सोडायचं

नवा घटक सुरू करायचा नाही. टाचणात लिहिलेला असला तरी पर्यवेक्षिकांना विचारल्याशिवाय नाही. यामागे कारण आहे. उदाहरणार्थ, हातच्याची वजाबाकी. ५२ मधून २७ वजा करताना बाईंनी काड्यांचा गठ्ठा सोडून एक दशक सुटा करायला शिकवलं असेल. तुम्ही आपल्या लहानपणच्या सवयीने "शेजाऱ्याकडून एक उसना घे" म्हणालात, की उत्तर दोन्हीकडे २५ च येतं, पण ज्या मुलाला काल कुठे दशक सुटा करणं समजू लागलं होतं त्याचा सगळा गोंधळ होतो. बाईंना मग सोमवारी मागे जाऊन पुन्हा काड्या काढाव्या लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा घरोघरी किती गोंधळ उडाला होता, ते अनेकांना आठवत असेल. मुलाच्या डोक्यात पद्धत एकदा बसू द्यावी लागते.

मग घ्यायचं काय? आधी झालेल्याचा सराव. पाढे, एकेकाने चार ओळी मोठ्याने वाचणं, दहा शब्दांचं श्रुतलेखन, चित्र पाहून पाच वाक्यं, शब्दांच्या भेंड्या. गणितात मुलांनाच उदाहरणं बनवायला लावा. लासलगावच्या बाजार समितीत सकाळी कांद्याचे ३४ ट्रॅक्टर आले, दुपारपर्यंत १९ रिकामे झाले, किती राहिले? असं एक तुम्ही घाला. पुढची मुलं घालतात, द्राक्षांच्या क्रेटची, सिटीलिंक बसमध्ये चढलेल्या-उतरलेल्या माणसांची. ज्याने उदाहरण घातलं त्यानेच उत्तर तपासायचं. पस्तीस मिनिटं कमी पडतात.

फळ्यावरून धडा उतरवून घेण्यात तास घालवू नका. वर्ग शांत दिसतो, पण त्यातून मुलांना काही मिळत नाही.

सेमी इंग्रजीच्या वर्गात एखादा शब्द किंवा संकल्पना तुम्हाला नक्की येत नसेल तर अंदाजे सांगू नका. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आखा, वर लिहा 'बाईंना विचारायचं' आणि मुलाचा प्रश्न त्याच्या नावासह त्यात टाका. मुलांना हा चौकोन फार आवडतो. दुसऱ्या दिवशी बाईंनाही शिकवायला आयती सुरुवात मिळते.

वह्या तपासायच्या असतील तर पेन्सिलीने खूण करा आणि खाली तुमची आद्याक्षरं घाला. लाल पेन आणि गुण बाईंचे.

६. सुरक्षितता: इथे चूक चालत नाही

वर्ग एकटा सोडून जायचं नाही. झेरॉक्स आणायला नाही, पाणी प्यायला नाही, ऑफिसातून हाक आली तरी नाही. आधी शेजारच्या बाईंना दारात उभं करा, मग जा. लहान मुलांना बाथरूमला जोडीने पाठवा आणि परत आल्यावर तोंडाने मोजा.

मुलाला फिट आली तर बाकं बाजूला सारा, त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, रुमाल काही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. एका मुलाला ऑफिसात पळवा. झटके पाच मिनिटांच्या वर गेले तर रुग्णवाहिकाच लागते. आणि कुठलंही औषध स्वतःच्या मनाने द्यायचं नाही, साधी तापाची गोळीसुद्धा.

"मी मामा आहे, न्यायला आलोय," असं म्हणणाऱ्याकडे मूल सोपवायचं नाही. व्हॅनचे काका ओळखीचे असले तरी ऑफिसची चिठ्ठी आल्याशिवाय मूल वर्गाबाहेर जाणार नाही.

मारायचं नाही, कोंबडा करायचा नाही, वर्गाबाहेर उभं करायचं नाही, घालूनपाडून बोलायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी आहे. वर्ग अगदीच आवरेना झाला तर पर्यवेक्षिकांना बोलावा. त्यात कमीपणा नाही, तुम्हाला त्यासाठीच कुणीतरी पाठीशी हवं आहे.

मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका.

बदली तासाला आणखी एक गोष्ट घडते. नव्या, मऊ बोलणाऱ्या ताईजवळ मूल कधीकधी असं काही सांगतं जे त्याने कुणालाच सांगितलेलं नसतं. कुणी हात लावला, कुणी घरी न सांगायला बजावलं. शांतपणे ऐका. खोदून विचारू नका, "खरंच का?" म्हणू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून काढा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवायची जबाबदारी आहे. मदतनीस म्हणून तुम्ही त्यातून सुटत नाही, आणि शाळेने दाबायचं ठरवलं तरी सुटत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

७. बाईंसाठी चिठ्ठी

सगळ्या लेखातलं एकच काम उचलायचं असेल तर हे उचला. तास संपल्यावर, पुढच्या गडबडीत शिरण्याआधी, अर्धं पान लिहा आणि टाचण वहीत ठेवा. साधारण अशी:

"तिसरी ब, तास ५ व ६. हजर ३६, गैरहजर ४ (क्रमांक ७, १२, २९, ३३). वजाबाकीचा सराव, वहीत ६ उदाहरणं. बऱ्याच जणांची शेवटची दोन अडली, शून्यातून वजा करताना. क्र. १८ ने आज काहीच लिहिलं नाही, डोकं दुखतं म्हणाली, ऑफिसात कळवलं. क्र. ५ व २१ चं पट्टीवरून भांडण, मिटलं. गृहपाठ दिला नाही. फळ्यावरच्या चौकोनात तीन प्रश्न आहेत, पुसू दिले नाहीत."

"सगळं छान झालं" असं लिहिलेली चिठ्ठी मला काही सांगत नाही. शून्यातून वजा करताना मुलं अडली, एवढ्या एका ओळीवर माझा दुसऱ्या दिवसाचा तास उभा राहतो. आणि अठरा क्रमांकाच्या मुलीच्या घरी मी संध्याकाळी फोन करू शकते.

८. रोजचंच होऊ लागलं तर

एक दिवस, दोन दिवस, आजारपणाचा आठवडा, इथवर ठीक. पण बाई नोकरी सोडून गेलेल्या असतात, नवीन बाई "लवकरच येणार" असतात आणि दिवाळी उलटली तरी तिसरी ब तुमच्याकडेच असते. हे मी जवळून पाहिलं आहे. त्या शाळेत मदतनीस ताईला वर्गशिक्षिकेचं सगळं काम होतं, प्रगतिपुस्तकाच्या नोंदीसुद्धा, आणि पगार मदतनिसाचा. ती जीव ओतून शिकवायची. तरी तिसरीच्या मुलांना वाचनात नेमकं कुठे अडतंय ते ओळखायचं प्रशिक्षण तिला कुणी दिलेलं नव्हतं आणि पालकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. याचा राग मला आजही येतो. तिच्या कष्टाचा तो अपमान होता, आणि चाळीस मुलांचं अर्धं वर्ष गेलं.

म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःच्या वहीत नोंद ठेवा: तारीख, इयत्ता, तास, कुणाच्या जागी, कुणी सांगितलं. सलग दोन आठवडे झाले की मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या. "अमुक तारखेपासून मी इयत्ता तिसरी ब चे सर्व तास सांभाळत आहे. माझी नेमणूक मदतनीस म्हणून आहे. पात्र शिक्षकांची नेमणूक केव्हा होईल आणि तोवर मला कोणत्या शिक्षकांचं मार्गदर्शन मिळेल ते लेखी कळवावं, ही विनंती." दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. भाषा नरम ठेवा, पण अर्ज द्याच. वाढीव कामाच्या मोबदल्याचं त्याच भेटीत विचारा. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या शाळेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो, पगाराच्या पावतीवर ती कपात दिसते का बघा.

उत्तरच आलं नाही तर संस्थेकडे आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाता येतं. महापालिकेच्या शाळेत असाल तर मनपाच्या शिक्षण विभागाकडे. नोकरी जाईल ही भीती खरी आहे, म्हणूनच नोंदवही आणि पोच जवळ असू द्या.

पालक गेटवर विचारतात, "तुम्ही नव्या टीचर का?" खरं ते सांगा: "नाही, मी मदतनीस आहे, बाई येईपर्यंत वर्ग बघते."

९. शिकवायचंच असेल तर

वर्गात उभं राहून ही आवड लागली असेल तर पात्रता मिळवा. वाट ठरलेली आहे, पण तिच्यात फसायच्या जागा आहेत.

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बारावीनंतरचं दोन वर्षांचं डी.एल.एड. करा. "बी.एड. केलं की सगळं चालतं" हे जुनं झालं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ग्राह्य नाही असा निकाल दिला. बी.एड. पुढच्या वर्गांसाठी, पदवीनंतर, दोन वर्षांचं, आणि त्याला राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यावी लागते.

दुसरी जागा म्हणजे मुक्त विद्यापीठ. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात, गोवर्धनला आहे, त्यामुळे प्रत्येक मदतनीस ताईला कुणीतरी सांगतं, "नोकरी करता करता तिथून बी.एड. कर." दूरशिक्षणाचं बी.एड. आधीच प्रशिक्षण झालेल्यांसाठी असतं, म्हणजे डी.एल.एड. किंवा तत्सम मान्य अभ्यासक्रम झालेल्यांना. नुसत्या पदवीवर आणि मदतनिसाच्या अनुभवावर प्रवेश मिळत नाही. पदवी अर्धवट राहिली असेल तर ती मात्र तिथून नोकरी सांभाळून पूर्ण करता येते.

मग टीईटी. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी, प्रत्येकी १५० गुण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५५. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं आहे. त्यामुळे तुमच्याच शाळेत वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या काही बाई सध्या बालमानसशास्त्राची पुस्तकं उघडून बसलेल्या असतील. त्यांच्याबरोबर बसा, जुन्या प्रश्नपत्रिका वाटून घ्या. फॉर्म भरताना नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच घाला, नाहीतर निकालानंतर दुरुस्तीसाठी पुण्याच्या खेपा घालाव्या लागतात.